अडीच तासांची चाचणी, सहा महिन्यांचं काम: जेट इंधन तापवून पाहताना

जेट ए-१ म्हणजे वास, रंग आणि हाताला लागणारा ओशटपणा या बाबतीत रॉकेलचा सख्खा भाऊ. फरक असा की रॉकेल वातीपर्यंत थंडच पोचतं. विमानातलं इंधन मात्र जळण्याआधी इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं काम करतं. इंजिनाच्या तेलातली उष्णता ते वाटेत अंगावर घेतं, मग तापलेल्या फवारनळ्यांतून जातं आणि शेवटी जळतं. या प्रवासात धातूची भिंत तापलेली असते आणि इंधनात थोडासा ऑक्सिजन विरघळलेला असतो. तेवढ्यावर इंधन भिंतीला लागायला लागतं, पातेल्याच्या बुडाला दूध लागतं तसं. हे कोणत्या तापमानाला होतं ते पाहण्याच्या चाचणीला जेफटॉट म्हणतात. मानक एएसटीएम डी ३२४१. ही चाचणी पहिल्यांदा उभी करणाऱ्याला मानकात सगळं सापडतं, पण नेमकं कुठे अडकायला होतं ते सापडत नाही. म्हणून फेब्रुवारी ते ऑगस्टचा हा हिशेब.

फेब्रुवारी गेला कागदपत्रांत. एटीएफ, म्हणजे हेच विमानाचं इंधन, पंपावर मिळत नाही. लेटरहेडवर अर्ज करावा लागतो: किती लिटर, कशासाठी, कुठे ठेवणार, उरलेलं कसं संपवणार. शेवटचा मुद्दा आम्ही पहिल्या अर्जात लिहिला नव्हता, म्हणून अर्ज परत आला आणि दोन आठवडे गेले. साठवणुकीच्या परवान्याची भीती बाळगू नका. या इंधनाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान ३८ अंश असतो, त्यामुळे ते पेट्रोलियम कायद्यात ‘ब’ वर्गात येतं. एकूण साठा २५०० लिटरच्या आत आणि एकही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. आम्हाला हवं होतं २० लिटर.

ते आणायचं कसं, हा पुढचा प्रश्न. कुरिअरवाल्याने ‘यूएन १८६३, वर्ग ३’ वाचलं आणि पार्सल घ्यायला नकार दिला. धोकादायक मालाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाची सही आणि मान्यताप्राप्त डबे असल्याशिवाय विमानाचं इंधन विमानाने जात नाही, हे ऐकून सगळ्यांची करमणूक झाली. शेवटी मुंबईतल्या माहुलहून पुण्याला रस्त्याने आलं. गेटवर मोबाइल जमा, गाडीच्या सायलेन्सरला ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर, सुती कपडे. अरेस्टर भाड्याने मिळतो, पण गेटवर पोचल्यावर शोधायला लागलात तर अर्धा दिवस जातो.

नमुना घेताना बॅचचं क्वालिटी सर्टिफिकेट मागून घ्या. त्यावर इंधन कोणत्या प्रक्रियेतून आलं, अँटिऑक्सिडंट किती घातलं आणि तिथल्या जेफटॉटचा निकाल काय, हे सगळं असतं. पुढे गोंधळ झाला की तोच एक आधार. आमचं इंधन मेरॉक्सने गोड केलेलं होतं, म्हणजे त्यातल्या उग्र वासाच्या गंधकी मरकॅप्टनचं डायसल्फाइड केलेलं. हायड्रोजनने इंधन शुद्ध करणाऱ्या हायड्रोट्रीटरमधून गेलेलं नव्हतं. हा फरक किती महत्त्वाचा आहे ते खाली येईल.

डबे एपॉक्सीचं अस्तर असलेले, नवे, पाच लिटरचे चार. त्याच इंधनाने तीनदा खळबळून घेतले आणि वर थोडी जागा सोडली. गहिऱ्या काचेची बाटलीही चालते, उजेडापासून दूर ठेवली तर. झाळलेल्या सांध्याचा पत्र्याचा डबा अजिबात नको, आणि या चाचणीसाठी साधी प्लॅस्टिकची बाटलीही नको.

मार्च-एप्रिल उपकरणाच्या तयारीत गेले. जेफटॉटचा गाभा म्हणजे ॲल्युमिनियमची एक बारीक नळी, पेन्सिलीपेक्षाही बारीक. मधला ६० मिलिमीटरचा भाग आणखी निमुळता, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाड आणि आरशासारखा चकचकीत. नळीतूनच वीज जाते, त्यामुळे नळीच तापते. तिच्या बाहेरून, कवचाच्या आतून, इंधन वर सरकतं: मिनिटाला ३ मिलिलिटर, १५० मिनिटं, एकूण ४५० मिलिलिटर. दाब सुमारे ५०० पीएसआय, म्हणजे इंधन उकळत नाही, द्रवच राहतं. वर बाहेर पडताना ते १७ मायक्रॉनच्या स्टीलच्या जाळीतून गाळलं जातं. निकाल दोन. जाळीच्या दोन बाजूंतला दाबाचा फरक २५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत हवा, आणि नळीवरचा रंग प्रमाणपट्टीवर ३ च्या खाली हवा. मोराच्या पिसासारखे रंग किंवा पट्टीत न बसणारा कसलाही रंग दिसला तर नापास. जेट ए-१ ने हे २६० अंशांना पार करायचं असतं.

हे दोन निकाल वेगवेगळी गोष्ट सांगतात, हे सुरुवातीला लक्षात येत नाही. नळीचा रंग भिंतीवर बसलेल्या थराचा. जाळीवरचा दाब इंधनातच तयार होऊन वाहत आलेल्या कणांचा. काही इंधनं नळी स्वच्छ ठेवतात आणि जाळी मात्र तुंबवतात. म्हणून दोन्ही आकडे नेहमी शेजारी शेजारी लिहा.

थर्मोकपल, म्हणजे नळीचं तापमान मोजणारी तार, कथलाच्या वितळणबिंदूवर, २३२ अंशांवर, तपासायचा. कथील शुद्ध हवं. सोल्डरची तार वापरून आम्ही एक दिवस घालवला. मिश्रधातू कुठेतरी भलतीकडेच वितळतो. प्रवाह थेंब मोजून तपासायचा: २० थेंब ९ सेकंदांत, एक सेकंद इकडेतिकडे. उपकरणात पंप असला तरी हे थेंब डोळ्यांनी मोजाच. पंपाचा पडदा ३.० दाखवत होता तेव्हा थेंबांना बारा सेकंद लागत होते. झडपेत धाग्याचं एक तूस निघालं.

नळी एकदाच वापरायची. नळी, जाळी आणि सील यांचं किट बाहेरून मागवावं लागतं. आम्हाला ते जकात आणि जीएसटी धरून पाच आकड्यांत पडलं, आणि यायला सहा आठवडे लागले. तेव्हा लागतील त्याच्या दीडपट मागवा. किट फोडल्यावर नळी दोन टोकांना धरायची. मधल्या भागाला बोट लागलं की त्या बोटाचा ठसाच पुढे डाग म्हणून वाचला जातो. चाचणीआधी रंग पाहायच्या पेटीत नळी फिरवून ओरखडे बघून घ्या आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. नवी नळीही कधी कधी सदोष निघते.

पहिली खरी चाचणी मे महिन्यात लागली, आणि पुण्याच्या मे महिन्यानेच ती अडवली. तापवण्याआधी इंधनात हवा भरायची असते: ६०० मिलिलिटर इंधन कागदी फिल्टरमधून गाळून घ्यायचं, मग त्यात ६ मिनिटं मिनिटाला दीड लिटर कोरडी हवा सोडायची. या वेळी इंधन १५ ते ३२ अंशांच्या दरम्यान हवं. दुपारी दोन वाजता आमचं ३४ होतं. एसी लावून तासभर थांबलो. जूनमध्ये उलटी अडचण: हवा दमट, सिलिका जेल दोन चाचण्यांत निळ्याचं गुलाबी. भट्टीत वाळवलेल्या जेलची एक जास्तीची नळी नेहमी तयार ठेवा.

हवा भरतात ती इंधन पूर्ण संपृक्त व्हावं म्हणून. हवेशी समतोल झालेल्या जेट इंधनात वजनाने साधारण ६५ ते ७० पीपीएम ऑक्सिजन असतो. ४५० मिलिलिटर इंधनाचं वजन अंदाजे ३६० ग्रॅम. म्हणजे पूर्ण चाचणीत मिळून ऑक्सिजन फक्त २३-२५ मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहून कमी. सगळा खेळ एवढ्याचा. आता दुसरं टोक बघा. थराची जाडी यंत्राने मोजली तर मर्यादा ८५ नॅनोमीटर. नळीच्या सहा चौरस सेंटिमीटरवर सगळीकडे एवढा थर बसला तरी त्याचं वजन पन्नास-साठ मायक्रोग्रॅम भरेल. वाहून गेलेल्या इंधनाच्या सत्तर लाखांत एक भाग. इंधनात थोडी घाण आहे की नाही याला इथे काही अर्थ नसतो. कुठली घाण आहे, यावर ठरतं.

हवा भरून झाल्यावर एका तासाच्या आत तापवणं सुरू झालं पाहिजे. पहिल्या दिवशी ओ-रिंगमधून, म्हणजे सांध्याच्या गोल सीलमधून, झिरपायला लागलं, ती बदलण्यात सव्वा तास गेला. ते इंधन ओतून टाकलं आणि नवं घेतलं. ओ-रिंग दर वेळी नवी, आणि दाब आधी वीज न लावता तपासून घ्यायचा. ही सवय एका झिरपणीनंतर आपोआप लागते. दुसऱ्या दिवशी ११२ व्या मिनिटाला लाइट गेली. अर्धवट चाचणी पुढे चालू करता येत नाही. नळी गेली, इंधन गेलं, दिवस गेला. त्यानंतर उपकरण यूपीएसवर घेतलं. हे काम आधी करायचं असतं.

तिसऱ्या प्रयत्नात १५० मिनिटं पूर्ण झाली. बाहेर आलेलं इंधन मोजपात्रात ४४६ मिलिलिटर भरलं. ४५० च्या दहा टक्क्यांत नसेल तर निकाल धरायचा नाही. नळी काढून हेप्टेनने धुतली, वाळवली आणि पेटीत धरली. खालच्या खांद्यापासून ५ ते ५५ मिलिमीटरमधलाच भाग वाचायचा, आणि सगळ्यात गडद जागेचा रंग नोंदवायचा. नळीच्या वरच्या अर्ध्यात मधाच्या रंगाचा पट्टा होता. पट्टीवर चौथा रंग. दाबाचा फरक नव्वदाव्या मिनिटालाच २५ च्या वर गेला होता.

सर्टिफिकेटवर याच बॅचला २६० वर नळी १ च्या खाली आणि दाब शून्य होता.

अशा वेळी पहिली शंका रिफायनरीवर जाते, आणि ती बहुतेक वेळा चुकीची असते. आम्ही उपकरणावरही दोन आठवडे घालवले: तापमान पुन्हा तपासलं, समप्रमाणात ॲसिटोन, टोल्युइन आणि आयसोप्रोपेनॉल मिसळून सगळा मार्ग धुतला, जाळ्यांचा दुसरा लॉट लावला. मग वहीत एक गोष्ट दिसली. दर आठवड्याची पहिली चाचणी नापास होत होती, दुसरी जेमतेम पास. डब्यातून इंधन काढायला एक छोटा हातपंप होता. त्याचं नळकांडं पितळी, पुढे मीटरभर तांब्याची नळी. शनिवार-रविवार इंधन त्यात उभं राहायचं, आणि सोमवारचे पहिले ६०० मिलिलिटर नेमके तिथले असायचे.

तांब्याने काय होतं, ते समजायला आधी तांब्याविना काय होतं ते पाहू. तापलेल्या इंधनात एखाद्या रेणूवरून हायड्रोजन निघतो आणि कार्बनवर एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. त्याला ऑक्सिजन लगेच चिकटतो, पेरॉक्सी रॅडिकल होतं. ते शेजारच्या रेणूकडून हायड्रोजन हिसकावतं, स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत बसतं, पण शेजारी मात्र नवं रॅडिकल मागे सोडतं. अशी साखळी. हायड्रोपेरॉक्साइड पुढे तापून फुटलं की एकाची दोन रॅडिकल होतात आणि साखळीला फाटे फुटतात. तांबं हे फुटणं कमी तापमानालाही घडवून आणतं, आणि स्वतः खर्च होत नाही. म्हणून काही दहा पीपीबी, म्हणजे अब्जात काही दहा भाग, पुरतात.

मोजमाप बाहेरच्या लॅबकडून करून घेतलं. पहिल्या लॅबने आयसीपीवर, म्हणजे धातू मोजायच्या नेहमीच्या यंत्रावर, ‘आढळले नाही’ असा अहवाल दिला. त्यांची शोधमर्यादाच आमच्या आकड्याच्या वर होती. विचारताना ‘ग्रॅफाइट फर्नेस, एएसटीएम डी ६७३२’ असं नेमकं विचारा आणि शोधमर्यादा पैसे भरण्याआधी लेखी घ्या. बाटल्या आम्लाने धुतलेल्या हव्यात. बारा दिवसांनी आकडा आला: सोमवारच्या नमुन्यात ४० पीपीबीच्या पुढे, थेट डब्यातून काचेच्या पिपेटने काढलेल्यात शोधमर्यादेच्या खाली. पंप काढून टाकला. आता काच, स्टील आणि टेफ्लॉन, एवढंच इंधनाला लागतं.

जुलैमध्ये स्वच्छ नमुन्याचा ब्रेकपॉइंट काढला. म्हणजे इंधन पास होतं असं सर्वांत वरचं तापमान, ५ अंशांच्या पायऱ्यांनी. प्रत्येक पायरीला नवी नळी, नवं इंधन, नवी हवा. दिवसाला एक धरा; दोन होतात, पण दुसरीची नळी वाचताना डोळे दमलेले असतात. २६० सोडून थेट २७५ ला सुरुवात केली, तीन नळ्यांची बचत झाली. २७५ पास, २८० पास, २८५ ला नळीवर ३. ब्रेकपॉइंट २८०. नळी दोघांनी वेगवेगळी वाचायची आणि आकडे नंतर ताडून पाहायचे. पेटीतला एक बल्ब गेला तरी रंग एक पायरी गडद दिसतो.

मग मानकाबाहेरचा एक प्रयोग केला. त्याचा निकाल प्रमाणपत्रावर चालत नाही, पण सहा महिन्यांत सर्वांत जास्त त्यानेच शिकवलं. २८५ ला नापास झालेलंच इंधन घेतलं, आणि हवेऐवजी अर्धा तास नायट्रोजन सोडला. पात्राच्या तोंडाशीही नायट्रोजनचं पांघरूण ठेवलं, नाहीतर इंधन दहा-पंधरा मिनिटांत हवेतून ऑक्सिजन परत ओढायला लागतं. बाकी सगळं तेच. १५० मिनिटांनी नळी जवळजवळ नव्यासारखी, जाळीवर दाब शून्य. एरवी इंधन ‘जळून’ कोक होतं असंच कुणालाही वाटतं. या तापमानाला तसं होत नाही. उष्णतेने रेणू स्वतःहून तुटायला साधारण ४८० अंशांच्या पुढे जावं लागतं. त्याखाली जे बसतं ते ऑक्सिजनमुळे, आणि ऑक्सिजन संपला की बसायचं थांबतं.

यातून सोपा निष्कर्ष निघतो असं वाटतं: जे इंधन ऑक्सिजन सावकाश खातं ते चांगलं. तो उलटा आहे. १९९४ मध्ये हेनेगन आणि झाबार्निक या संशोधकांनी दाखवलं की ऑक्सिजन भराभर संपवणारी, चांगली हायड्रोट्रीट केलेली इंधनं थर कमी टाकतात, आणि सावकाश खाणारी जास्त. सावकाश खाणाऱ्या इंधनात निसर्गतःच फिनॉल असतात. ते पेरॉक्सी रॅडिकलला हायड्रोजन देऊन साखळी तोडतात, म्हणून वेग मंदावतो. पण त्यात फिनॉल स्वतः बदलतात, एकमेकांना आणि नायट्रोजनवाल्या इंडोल-कार्बाझोलना चिकटून मोठे, इंधनात न विरघळणारे रेणू बनतात, आणि तेच भिंतीवर लाखेसारखे बसतात. आमचं मेरॉक्सचं इंधन याच जातीचं. हायड्रोट्रीटर हे फिनॉल काढून टाकतो, म्हणून त्या इंधनात साठवणुकीत पेरॉक्साइड वाढू नये यासाठी बाहेरून अँटिऑक्सिडंट घालावं लागतं, लिटरला १७ ते २४ मिलिग्रॅम. काढायचं आणि परत घालायचं, हे विचित्र दिसतं खरं, पण घातलेला रेणू निवडून घेतलेला असतो.

जेफटॉटमध्ये हा वेग दिसत नाही, कारण इंधन नळीशेजारून काही सेकंदांत निघून जातं. तो पाहायचा तर बंद पात्र लागतं. डेटन विद्यापीठातल्या पद्धतीत ६० मिलिलिटर इंधन १४० अंशांना १५ तास ठेवतात, आत ऑक्सिजनचा सेन्सर आणि क्वार्ट्झचा स्फटिक असतो. थर बसला की स्फटिकाची कंपनसंख्या उतरते. एकाच आलेखात ऑक्सिजन उतरताना आणि थर चढताना दिसतो. ज्यांना नुसतं पास-नापास नको आहे त्यांनी पैसे तिकडे घालावेत.

ऑगस्टमध्ये शेवटचं काम राहिलं होतं: तांबं लागलेल्या इंधनाला मेटल डीॲक्टिव्हेटर. हा रेणू तांब्याला चारही बाजूंनी धरून ठेवतो. पहिल्यांदा घालायची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम, पुढे पुन्हा घालावं लागलं तर एकूण ५.७. ६०० मिलिलिटरला १.२ मिलिग्रॅम लागतात, ते तराजूवर नीट मोजता येत नाहीत. १०० मिलिग्रॅम ५० मिलिलिटर टोल्युइनमध्ये विरघळवा आणि त्यातले ०.६ मिलिलिटर घाला. सोमवारचं इंधन, जे २६० ला चौथ्या रंगावर गेलं होतं, ते २८० ला पास झालं.

निकाल डोळे दिपवणारा आहे, आणि तिथेच सावध व्हायला हवं. डीॲक्टिव्हेटर नळीच्या ॲल्युमिनियमलाही चिकटतो आणि अडीच तास थर बसू देत नाही. इंजिनातली भिंत वर्षानुवर्षं चालते, तिथे ही लेप-कृपा टिकत नाही. म्हणून या आकड्यातला किती भाग तांबं धरल्याचा आणि किती नळी झाकल्याचा, ते जेफटॉट सांगू शकत नाही. अहवालात आम्ही २८० लिहिलं, आणि शेजारी डीॲक्टिव्हेटरची मात्रा आणि तांब्याचा आकडाही. मात्रा न लिहिता नुसता ब्रेकपॉइंट कुणी दाखवला तर विचारून घ्या.

जाता जाता: १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला देशी शाश्वत इंधन मिसळलेलं प्रवासी विमान उडालं, तेव्हापासून अशा इंधनांच्या चाचण्यांची चौकशी वाढली आहे. त्यातल्या कृत्रिम घटकाला मिसळण्यापूर्वी हीच चाचणी बहुतेक प्रकारांत ३२५ अंशांना पार करावी लागते. उपकरण घेताना ते तिथपर्यंत स्थिर राहतं का, आणि थर्मोकपल शिशाच्या वितळणबिंदूवरही तपासता येतो का, ते बघून घ्या.

उरलं ते टाकाऊ इंधन आणि धुण्याचं द्रावण, मिळून बावीस लिटर. घातक कचरा नियम २०१६ प्रमाणे ते ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही, आणि दिवस मोजायचे ते पहिल्या चाचणीपासून. आम्ही शेवटच्या चाचणीपासून मोजत होतो. गाडी पहिल्या चाचणीपासूनच्या ८८ व्या दिवशी आली. मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या कागदाच्या, प्रती दारातच तपासून घ्या. आमच्या प्रतींवर ‘वापरलेलं तेल’ लिहून आलं होतं, ते खोडून पुन्हा करायला ड्रायव्हर अर्धा तास थांबला.